झिजायचं कुणी?

तमिळमध्ये 'मुट्टुक्कट्टै' असा एक शब्द आहे. अर्थ साधा, चाकाखाली घालायचा लाकडी ठोकळा. कावेरीकाठच्या या मुलखात देवळांचे रथ ओढले जातात तेव्हा चाकांच्या अगदी पुढ्यात काही माणसं हे ठोकळे घेऊन चालत असतात. दोरखंडाला शेकडो हात लागलेले असतात, पण रथ वळवायचा आणि थांबवायचा तो या मोजक्या माणसांनी. एका बाजूच्या चाकाखाली ठोकळा सारला की ती बाजू अडते, दुसरी पुढे येते, रथ वळतो. दोन्ही बाजूंना सारला की थांबतो. रथाला सुकाणू नसतं. जे काही सुकाणू आहे ते एवढंच: लाकूड, चाक आणि त्यांच्यातलं घर्षण.

पण रोजच्या बोलण्यातल्या तमिळमध्ये मुट्टुक्कट्टै म्हणजे अडथळा. कुणाच्या लग्नात, कुणाच्या बढतीत आडवी येणारी व्यक्ती. हे कळलं तेव्हा मला हसू आलं, कारण आपण मराठीत नेमकं हेच करून ठेवलंय. पाचर घ्या. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर मारलेली नसेल तर पातं निसटून कुणाच्या तरी कपाळात बसेल. तरी 'त्यानं पाचर मारली' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक खवचट माणूस उभा राहतो. खीळ ही मुळात जोडणारी वस्तू; 'खीळ घातली' म्हणजे काम बंद पाडलं. धरून ठेवणाऱ्या वस्तूंवर दोन्ही भाषांचा सारखाच राग दिसतो.

मी मिरजेच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. लेकीची नोकरी कुंभकोणम्‌ला, म्हणून आता वर्षातले काही महिने माझा मुक्काम गोविंदपुरम्‌ला असतो. कुंभकोणम्‌हून मयिलाडुदुरैकडे जाणाऱ्या वाटेवरचं हे गाव. बोधेंद्र सरस्वतींचं अधिष्ठान इथं आहे, आणि २०११ पासून पंढरपूरच्या आठवणीनं बांधलेलं विठ्ठल-रखुमाईचं मोठं मंदिरही. आजूबाजूच्या गोपुरांमध्ये ते मराठी वळणाचं शिखर पाहिलं की आपल्याकडचं कुणीतरी परगावी भेटल्यासारखं वाटतं. तमिळ लिपीत 'ठ' नाही, त्यामुळे पाटीवर 'विट्टल' होतं; पण 'ळ' मात्र या लोकांचा आपल्यापेक्षा खणखणीत. तुकोबांचे अभंग इथले गायक गातात तेव्हा मला दोन्ही गोष्टी ऐकू येतात, जिथं जीभ अडते ते आणि जिथं ती आपल्यापेक्षा पक्की बसते ते.

शाळेत घर्षणाचा धडा मी खडूपासून सुरू करायचे. फळा काचेसारखा गुळगुळीत असता तर खडू त्याच्यावरून नुसता सरकला असता. खडू झिजतो म्हणून अक्षर उमटतं. मग चालणं, चुलीपाशी काडी ओढणं, गाठ सुटू न देणं. दोन पृष्ठभाग आपल्याला एकमेकांना पूर्ण चिकटलेले दिसतात, पण खरं तर ते फक्त काही बारीक टोकांवर टेकलेले असतात. सगळा भार आणि सगळी झीज त्या टोकांवर. १६९९ साली आमोंताँ या फ्रेंच माणसानं मांडलं की घर्षण किती, हे वजनावर ठरतं, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नाही. वजन वाढवा, घर्षण वाढेल. (हा नियम आपल्या कचेऱ्यांत उलटा चालतो. फाइलवर 'वजन' ठेवलं की ती घसरायला लागते.) मुलं हसायची. धड्याच्या शेवटी पुस्तकात दोन रकाने असायचे, घर्षणाचे फायदे आणि घर्षणाचे तोटे. परीक्षेत ते हमखास यायचे. त्या रकान्यांमध्ये एक प्रश्न बसत नाही, हे मला शिकवण्याच्या काळात कधी टोचलं नाही. तो इथं, गोविंदपुरम्‌ला, शेजारच्या मामींनी विचारला.

मामी म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांच्या मामी. तमिळमध्ये मोठ्या बाईंना मामी म्हणतात आणि मराठीतही ते नातं चालतंच, त्यामुळे माझी सोय झाली. त्या मला टीचर म्हणतात. त्यांचं घराणं 'रायर', म्हणजे तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं, १८५५ मध्ये ते राज्य संपलं, पण घरातली मराठी राहिली. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास १८०३ साली मराठीत कोरला गेला तो अजून तिथं आहे. मामींच्या तोंडची मराठी त्याहून जास्त वापरलेली, म्हणून जास्त झिजलेली. शब्द ओळखीचे, हेल तमिळ, आणि मधूनच एखादं रूप असं येतं की मी दोनदा विचारते. पहिल्या महिन्यात लेकीनं फोनवरचं भाषांतराचं यंत्र सुचवलं होतं. भाजीवाल्याकडे ते चालतं. मामींशी बोलताना चालत नाही, कारण त्या काय बोलतात ती त्याच्या यादीतली मराठी नाही आणि तमिळही नाही.

तर मामींचा प्रश्न. तमिळ देवळात भक्त मूर्तीला हात लावत नाही. गाभाऱ्यात अर्चक, आपण बाहेर, दिव्याच्या उजेडात दिसेल तेवढं बघायचं. मी त्यांना पंढरपूरचं सांगत होते, की तिथं देवाच्या पायांवर डोकं ठेवता येतं, आषाढीला त्यासाठी माणसं दिवसरात्र रांगेत उभी असतात. मामींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, एवढी माणसं रोज हात लावतात, डोकं टेकवतात, तर देव झिजत नाही का?

झिजतो. अगदी खरोखर झिजतो. पंढरपूरच्या मूर्तीच्या पायांची झीज हा गेली कित्येक वर्षं काळजीचा विषय आहे. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांकडून मूर्तीवर वज्रलेप केला जातो. १९८८ मध्ये झाला, नंतर आणखी काही वेळा, आणि टाळेबंदीत मंदिर बंद असताना २०२० मध्येही. २०२४ मध्ये मंदिराच्या जतनाचं काम निघालं तेव्हा मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श बंद होता, लांबून दर्शन घ्यायचं. एका माणसाच्या कपाळानं दगडाचं काहीच होत नाही. झीज करणारा असा कुणी एकटा सापडत नाही. प्रत्येकाचा स्पर्श निरपराध, आणि सगळ्यांचा मिळून दगड खातो.

मामींना वाटलं, मग बंदच का नाही करत? तमिळ बाजूनं हा सरळ प्रश्न आहे. देव टिकायला हवा असेल तर हात लावू नका. मला मात्र तेवढ्या सरळपणे हो म्हणता येईना, आणि त्याचं कारण श्रद्धा नव्हे. कारण १९४७ आहे.

पंढरपूरच्या महाद्वारासमोर चोखामेळ्याची समाधी आहे. आयुष्यभर दाराबाहेर राहिलेल्या माणसाची समाधीही दाराबाहेर. त्याच्यानंतर सहाशे वर्षं त्याच्या माणसांनी त्या दगडाची कणभरही झीज केली नाही, कारण त्यांना ती करू दिली नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजी त्या मंदिरासाठी उपोषणाला बसले आणि दहा दिवसांनी दार उघडलं गेलं. त्या लढ्याकडे आपण प्रवेशाचा लढा म्हणून बघतो. मला तो, जरा विचित्र वाटेल, पण झिजवण्याच्या हक्काचा लढाही वाटतो. आमच्याही हातांनी या दगडाचं काही कमी होऊ दे; आम्हीही इथले आहोत याची ती खूण. ज्याला स्पर्शच नाकारला आहे त्याला 'स्पर्शानं झीज होते' हे सांगणं फार सोयीचं असतं. अस्पृश्यता हा एका अर्थानं घर्षणाशिवाय चालणारा समाजच होता. कुणी कुणाला घासायचं नाही, प्रत्येकानं आपल्या कक्षेत फिरायचं. वरून किती सुरळीत.

मग वज्रलेप काय करतो? तो स्पर्श थांबवत नाही. दगड आणि हात यांच्या मध्ये एक थर ठेवतो, आणि तो थर झिजतो. काही वर्षांनी पुन्हा लावतात. अभियंत्यांना ही युक्ती फार जुनी माहीत आहे. पोलादी दांडा फिरत असतो तिथं त्याच्याभोवती पितळेचा किंवा त्याहूनही मऊ मिश्रधातूचा बुश बसवतात. मुद्दाम मऊ. दोन कठीण धातू एकमेकांवर घासले तर दोन्ही खराब होतील आणि दांडा महाग. म्हणून झिजायचं काम मऊ धातूला दिलेलं असतं. ब्रेकचं लायनर तेच. आमच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी तेच. तार घोडीच्या माथ्याला अगदी निसटती घासत राहते आणि त्या घासण्यातून तो भरलेला, गुंजणारा सूर निघतो. तार घोडीला चर पाडते, सूर बसका होतो, मग कारागीर घोडीचा माथा पुन्हा कानशीनं घासून, दोरा सरकवत, तासन्‌तास कान लावून जवारी काढतो. घर्षण नको असेल तर तंबोरा मुका. हवं असेल तर झीज आली, आणि झीज आली म्हणजे कुणीतरी बसून ती भरून काढणंही आलं.

इथपर्यंत यंत्रं आणि देव. माणसांकडे आलं की माझी जीभ जड होते, कारण मराठीत यासाठी एक फार सुंदर उपमा आहे आणि ती मला आता सहन होत नाही. चंदनासारखं झिजणं.

माझ्या आईच्या तेराव्याला एका नातेवाईकांनी ते म्हटलं. चंदनासारख्या झिजल्या हो. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. पण मला आठवत होती तिची बोटं. शेवटच्या वर्षांत दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी तिला यंत्रावर अंगठा ठेवावा लागे. यंत्र म्हणे, पुन्हा प्रयत्न करा. पुसून ठेवा, दुसरं बोट ठेवा. वयानं रेषा पुसट होतात हे खरं; पण साठ वर्षं राखेनं भांडी घासणं, जातं, धुण्याचा दगड, यांनीही होतात. बोटांवरच्या रेषा पकड घ्यायला मदत करतात, म्हणजे घर्षणासाठीच. तिनं त्या घर्षणातच घालवल्या, आणि आता काम सोपं करणाऱ्या यंत्राला ती जिवंत असल्याचा पुरावा सापडेना. रेशनच्या दुकानात शेतमजूर बायांचं हेच होतं, ही काही माझ्या एकटीच्या घरची कथा नव्हे.

चंदन झिजतं तेव्हा गंध कुणाच्या कपाळाला लागतो, हा प्रश्न उपमेत नसतो. चंदनाला विचारलं होतं का, हा तर नाहीच. यंत्रात मऊ धातू कुठला हे ठरवलेलं असतं, लिहून ठेवलेलं असतं, आणि तो वेळेवर बदलला जातो. न बदलणाऱ्या मेकॅनिकला आपण निष्काळजी म्हणतो. घरातही कुणीतरी मऊ धातू ठरलेला असतो. तो लिहिलेला नसतो, बदलला जात नाही, आणि पूर्ण झिजला की आपण त्याची आरती करतो. माझा राग उपमेवर आहे असं म्हणताना मला कळतं की उपमेचा काय दोष. पण कौतुक हे सगळ्यात स्वस्त वंगण आहे, आणि कित्येक घरांचा गाडा वर्षानुवर्षं तेवढ्यावर फिरतो.

माझी लेक या सगळ्यावर म्हणते, आई, तू घर्षणाची बाजू घेतेस की विरोध करतेस ते एकदा ठरव. तिचा स्वतःचा निकाल झालेला आहे. घर्षण कमी होईल तेवढं बरं. आणि तिच्याकडे चांगला दाखला आहे. माझे सासरे सातबाऱ्याच्या एका उताऱ्यासाठी किती वेळा तालुक्याला गेले ते तिनं लहानपणी पाहिलंय. साहेब जेवायला गेलेत, उद्या या, शिक्का नाही. याला मराठीत हेलपाटे हा नेमका शब्द आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. त्या हेलपाट्यांत कुणाचं चारित्र्य घडत होतं, असं म्हणायला मी धजणार नाही. ते घर्षण गरिबाला थकवून परत पाठवण्यासाठीच होतं, आणि ते गेलं हे चांगलंच झालं. 'कष्टानं माणूस घडतो' हे वाक्य बहुतेक वेळा दुसऱ्याच्या कष्टांबद्दल बोललं जातं.

पण तिलाही मी एक विचारते. तू फोनवर बोट फिरवतेस आणि अर्ध्या तासात सामान दारात येतं, त्यातलं घर्षण गेलं कुठं? ते नाहीसं झालं नाही. ते कुंभकोणम्‌च्या उन्हात दुचाकीच्या टायरवर आहे, त्या मुलाच्या पाठीच्या मणक्यांत आहे, आणि उशीर झाला तर तू देणार आहेस त्या ताऱ्यांमध्ये आहे. सातबाऱ्याचे हेलपाटे मात्र खरंच नाहीसे झाले. तुझ्या सामानाचे फक्त दुसऱ्याकडे गेले. पडद्यावर दोन्ही सारखेच गुळगुळीत दिसतात. यावर ती गप्प बसत नाही, तीही मिरजेची आहे. म्हणते, त्या मुलाला मी नाही मागवलं तर काम तरी मिळेल का? हे खरं आहे. आमचं भांडण इथंच अडतं, आणि अजून तरी कुणी जिंकलेलं नाही.

इथून दीडेक तासावर तिरुवारूर. तिथला आऴित्तेर हा तमिळनाडूतला सगळ्यात मोठा रथ, सजला की सुमारे ९६ फूट उंच आणि वजन ३०० टनांच्या घरात. त्याला तिरुचिरापल्लीच्या 'भेल' कारखान्यानं लोखंडी चाकं आणि हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले. तरीही ठोकळेवाली माणसं आहेतच. एवढा डोलारा अरुंद रस्त्यावर नेताना शेवटचा इंच त्यांच्याच हाताचा असतो. मी त्यांना लेकीबरोबर पाहिलं. ती ब्रेककडे बघत होती, मी ठोकळ्यांकडे. ठोकळा चाकाखाली गेला की लाकूड करकरतं, धूळ उडते, माणूस झटकन मागे सरतो. एवढ्या वजनाखाली गेलेला ठोकळा फुटला तर तो बाजूला टाकून दुसरा घेतात. ठोकळ्यांचा ढीग बरोबर असतोच. माणसांचा ढीग बरोबर ठेवावा लागू नये, यासाठी ब्रेक. मला ती व्यवस्था पटली. त्यात घर्षण हटवलेलं नव्हतं, उलट जास्तच आणलं होतं. फक्त कुणी फुटायचं हे आधी ठरवलेलं होतं आणि ते लाकूड होतं.

(येताना दारासुरमला थांबलो. बाराव्या शतकातलं ऐरावतेश्वराचं देऊळ, मंडपाला रथासारखी दगडी चाकं आणि घोडे. कमालीची सुंदर चाकं. आठशे-नऊशे वर्षांत एकदाही फिरलेली नाहीत.)

मामींच्या देवघरात एक सहाण आहे. मधोमध ओंजळीएवढा खळगा पडलाय, म्हणजे उगाळताना चंदनच झिजतं असं नाही, दगडही झिजतो; उपमा करणाऱ्यांनी सहाणेकडे बघितलं नाही. ती त्यांना सासूकडून मिळाली, सासूला तिच्या सासूकडून. मामींची सून चेन्नईत असते आणि चंदनाची पूड वापरते. मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटत असेल. त्या म्हणाल्या, नाही. मला ही दिली तेव्हा हवी का असं कुणी विचारलं नव्हतं. मी सुनेला विचारलं, ती नको म्हणाली.

मग तुम्ही रोज सकाळी का उगाळत बसता, पूड आणा की, मी म्हटलं.

"मला आवडतं," मामी म्हणाल्या आणि ओलं बोट माझ्या नाकापुढे धरलं.